ट्यूब गेलेली नव्हती, भावोजी

भावोजी, ट्यूब गेलेली नव्हती.

हे आधी सांगून टाकते, मग बाकीचं. नाहीतर मी बोलत बसेन आणि मुद्दा राहून जाईल, असं तुम्हीच म्हणायचात. आपल्या फणसवाडीच्या मंडळाच्या अंकात तुमच्यावर दोन शब्द हवेत म्हणून परवा कार्यकर्ते येऊन गेले. जन्म कुठला, शिक्षण काय, नोकरी किती वर्षं, स्वभाव कसा, एवढं लिहा म्हणाले. त्यातल्या एकाने तर मला शब्दही काढून दिला. "काकू, 'मनमिळाऊ' लिहा." मी म्हटलं, कोण, शरद भावोजी? गिऱ्हाइकाने दारात चप्पल काढायच्या आधी "मॉनिटर आपटलात ना?" म्हणून अंगावर जाणारा माणूस मनमिळाऊ? त्या बिचाऱ्याने पेन खिशात घातलं. जन्म-शिक्षण ज्याला हवं त्याने वन्संना विचारावं, त्या तुमच्या सख्ख्या बहीण आहेत. माझं तुमच्याशी वेगळं काम आहे. आपलं भांडण अर्धं राहिलंय, आणि तुम्ही मधेच उठून गेलात.

तर केणींचा मॉनिटर.

वाचणाऱ्यांसाठी सांगते, तुम्हाला माहीतच आहे. केणी वरळी कोळीवाड्यातले. प्रभादेवीला त्यांचा गाळा आहे, तिथे ते बोटींवरच्या पंपांच्या मोटारी जळल्या की त्यांची तार पुन्हा गुंडाळून देतात. गुंडाळायचं मशीन जुन्या कॉम्प्युटरवर चालतं आणि त्या कॉम्प्युटरला हा एकच मॉनिटर चालतो, चौदा इंची, केशरट पिवळ्या अक्षरांचा. मागे चित्राच्या काचेच्या ट्यूबची ढेरी असलेला, पाळण्यातल्या पोरासारखा दोन्ही हातांनी उचलावा लागणारा. आजचे चपटे पडदे त्याला जोडले तर काळे ठिक्कर पडतात, त्यांना ती भाषाच कळत नाही. पडद्यावर तारेचे वेढे किती झाले ते दिसलं नाही तर केणी मशीन चालवणार कसं? डोळे मिटून? म्हणून त्यांनी तो टॅक्सीत घालून आपल्याकडे आणला, आणि तुम्ही अर्ध्या तासात निकाल देऊन मोकळे झालात. "ट्यूब गेली. दुसरं बघा."

भावोजी, मी लग्न होऊन या दोन खोल्यांत आले तेव्हा तुम्ही कंपनीत टेक्निशियन होतात आणि घरी येऊन लोकांचे टीव्ही उघडून बसायचात. पुढे कंपनी बंद झाली, टीव्हीच्या जागी मॉनिटर आले, आणि तुमचं टेबल गॅलरीतून आत सरकत सरकत माझ्या शिलाई मशीनला येऊन चिकटलं. हे गेले तेव्हा लोकांना वाटलं, आता दीर-भावजय एका घरात कसे राहणार, काय खाणार. काय खाणार? मी साड्यांना फॉल-बिडिंग करत होते, तुम्ही मॉनिटर करत होतात. माझा नितीन त्यावर शिकला. एकाच ट्यूबलाइटखाली दोन धंदे. तुमच्या सोल्डरिंगच्या धुराचा वास लोकांच्या शालूंना लागायचा आणि बायका विचारायच्या, "सुमनताई, हा कसला गं वास?" मी सांगायची, धूप.

आणि आरसा. मागून ढेरी उघडून तुम्ही बटणं पिळणार, पण चित्र पुढे. पिळणाऱ्याला पुढचं दिसणार कसं? म्हणून कपाटाच्या दाराचा फुटलेला आरसा पुठ्ठ्याला चिकटवून मी समोर धरायची. तुम्ही मॉनिटरच्या डोक्यावरून त्यात बघायचात. उलटी एबीसीडी तुमच्याइतकी सरळ वाचणारा माणूस मी पाहिला नाही. "वहिनी, वर. अजून वर. आता हलू नका, श्वास धरा." श्वास धरा! माझा श्वास सुटला तर जणू कॉम्प्युटर बुडणार होता. पहिलं वर्ष मी हाताच्या दुखण्याकडे लक्ष देऊन उभी होते. दुसऱ्या वर्षी माझ्या लक्षात आलं, की आरशाच्या वरून मला पडदा सरळ दिसतो. तुम्हाला उलटा, मला सुलटा. तुम्ही विचारायचात, "उजवी बाजू झुकली का?" मी सांगायची, हो, तांदळाइतकी. तुम्हाला मिलिमीटरपेक्षा तांदूळ लवकर कळायचा.

त्यापुढे तुम्ही मला काही शिकवलंत असं म्हणणार नाही मी. तुम्ही शिकवलं नाहीत. मी शिकले. तुम्ही दुपारी डुलकी काढायचात तेव्हा मॉनिटरच्या आतल्या जोडणीचे तुमचे ते घडी पडलेले नकाशे मी उघडून बघायची. सातवी पास बाई, पण रेघ कुठून कुठे जाते ते ब्लाउजच्या कटिंगसारखंच असतं, बोट ठेवून चालत गेलं की पोचतो. करंट अडवणाऱ्या त्या रेझिस्टरवरचे, आकडा सांगणारे रंगाचे पट्टे तर मला पहिल्या दिवशी पाठ झाले. काळा शून्य, तपकिरी एक, लाल दोन. जिने जन्मभर साडीला मिळता दोरा शोधला तिला लाल आणि तपकिरी सांगावे लागतात का?

पण तुम्हाला सांगावे लागायला लागले. गेल्या दोन वर्षांत. "वहिनी, हा लाल की तपकिरी?" सहज विचारल्यासारखं विचारायचात, ट्यूबलाइटला नावं ठेवत. मी उत्तर द्यायची आणि दोऱ्याला गाठ मारायची. मग तुम्ही मीटर लावणं सोडलंत. गिऱ्हाइकाला ऐटीत सांगायचात, "इतक्या वर्षांनी मीटर लागत नाही, बघून कळतं." तुम्ही मीटर का सोडलंत ते मला माहीत होतं, भावोजी. काटा दिसत नव्हता तुम्हाला. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. "ऑपरेशन करून घ्या" म्हटलं की "गणपती होऊ देत", गणपती झाले की "दिवाळी होऊ दे". देवांच्या मागे लपणारे तुम्ही, एरवी कधी देवाला नमस्कार केला नाहीत.

त्या दिवशी केणी खुर्चीत बसलेले, मी आरसा धरलेला, मॉनिटर चालू. पडद्यावर अगदी फिकट अक्षरं. खिडकीचा पडदा ओढून अंधार केला तर जेमतेम दिसणारी.

तुम्ही म्हणालात, "बघा, पसरलंय सगळं. ट्यूब गेली."

मी म्हटलं, "भावोजी, फिकट आहे, पण पसरलेलं नाही. अक्षराची कड सुईसारखी आहे. ट्यूब गेली की कड जाते ना आधी?"

"वहिनी, वर धरा."

"धरलाय वर. कड बघा ना तुम्ही."

"मला दिसतंय."

"तुम्हाला नाही दिसत. पसरलंय ते तुमच्या डोळ्यात पसरलंय. मोतीबिंदू आहे तो."

केणी आपल्या नखांकडे बघायला लागले. तुमचे कान लाल झाले. ओरडला असतात तर बरं झालं असतं, पण तुम्ही हळूच म्हणालात, "वहिनी, तुम्ही आरसा धरायला आहात. तेवढं केलंत तरी पुरे."

मी आरसा टेबलावर ठेवला. काच वर करून. "मग धरा तुमचा तुम्हीच," म्हटलं, आणि आत जाऊन कुकर लावला.

त्यानंतर दोन दिवस आपण बोललो नाही. तुम्ही जेवायला बसायचात, मी वाढायची, आमटी हवी की नको ते तुम्ही हाताने खुणावायचात. मी मनात म्हणत होते, हा माणूस पहिला बोलेल. तुमच्याही मनात तेच असणार. तिसऱ्या दिवशी सकाळी चहा निवला तरी तुम्ही उठला नाहीत. झोपेतच गेलात.

आता लोक म्हणतील, सुमन, आता तरी माफी माग. नाही मागणार. केणींसमोर बोलायला नको होतं, हे कबूल. परक्या माणसापुढे तुमच्या डोळ्यांचा विषय काढला, ते माझ्याही जिवाला लागलंय. आत बोलवून, दार लावून बोलले असते तर चाललं असतं. पण बोलले ते खरं होतं. आणि तुम्ही जे बोललात ते खोटं होतं. मी नुसती आरसा धरायला नव्हते, हे तुम्हाला माझ्याइतकंच ठाऊक होतं. म्हणून तर राग येतो. न कळणाऱ्या माणसाने म्हटलं असतं तर मी हसून सोडलं असतं.

नितीनने अग्नी दिला. दहाव्याला बाणगंगेला कावळा पहिल्या झटक्यात पिंडाला शिवला. सगळे हात जोडून म्हणाले, भाग्यवान माणूस, एक इच्छा मागे राहिली नाही. मी तिथेच पायरीवर बसून बघत होते. तुमची नसेल राहिली, माझी राहिली त्याचं काय? जिवंत माणसाचं राहिलेलं विचारायला कावळा येत नाही.

अकराव्या दिवशी केणी भेटायला आले. बसले, दोन्ही हात गुडघ्यांवर. म्हणाले, "वहिनी, तुमचं घर आधीच भरलंय. तो मॉनिटर मी नेतो. भंगारवाल्याला सांगून ठेवलंय, आणि मशीनही विकतो. नवं घ्यायची ऐपत नाही, पोराला म्हणतो, बोटीवर जा." हे शेवटचं ते इतकं साधं बोलले, जणू हवापाणी सांगत होते. आणि तुमचं टेबल समोरच. मॉनिटर तसाच, ढेरी उघडी, तुम्ही सोडून गेलेला.

मी म्हटलं, "केणी, तेराव्यापर्यंत द्या."

"कोण बघणार पण?"

"मी."

त्यांनी मान डोलावली. माणूस सज्जन. पण स्वयंपाकघरातून वन्सं बाहेर आल्या. तुमच्या मोठ्या बहिणीचं तुम्हाला माहीतच आहे, आवाज आधी येतो, मग त्या येतात. "सुमन, सुतक आहे घरात! देवाला दिवा नाही लावलेला आपण, आणि तू त्या पेटाऱ्यात हात घालणार?"

"सुतकात देवाला हात लावायचा नसतो, वन्सं. सोल्डरिंगच्या आयर्नला लावायचा नाही असं कुठे लिहिलंय?"

"अगं, करंट आहे त्यात. शरद सांगायचा, बंद असला तरी मारतो. तू आयुष्यभर आरसा धरलास, तेवढंच. बिचारी," हे बिचारी त्या केणींकडे बघून म्हणाल्या, "शरदला चहापाणी, आरसा, सगळं हिनेच बघितलं."

चहापाणी आणि आरसा. भावोजी, या दोन शब्दांनी मी पेटले. तुमच्या जाण्याने अकरा दिवस नुसती ओल धरून बसले होते, पण हे ऐकलं आणि अंगात करंट आला. केणी गेले, वन्सं दुपारी आडव्या झाल्या, आणि मी टेबलाशी बसले.

बंद असला तरी मारतो, हे वन्संचं खरं. काचेच्या पाठीवर जी रबरी टोपी असते, तिच्याखाली करंट लपून बसलेला असतो. तुमच्या लांब पेचकसाला वायर बांधली, दुसरं टोक ट्यूबच्या पाठीवरून जाणाऱ्या उघड्या तारेला चिमट्याने लावलं, आणि टोपीखाली पातं सरकवलं. टक्. चिमणीने काचेवर चोच मारावी तसा आवाज. माझ्या तोंडून "आई गं" निघालं. पण निघाला करंट. मग जोडून चालू केला, आणि तुमचा नियम पाळला. चालू मॉनिटरमध्ये एकच हात घालायचा. तुम्ही डावा हात पँटच्या खिशात ठेवायचात, मला खिसा कुठला? मी डावा हात कमरेशी पदरात खोचला आणि उजव्याने मीटरची दांडी लावली. काटा मला दिसतो, भावोजी. चष्म्याशिवाय.

ट्यूबच्या मानेत एक जाळी असते. तिला पुरेसा व्होल्टेज मिळाला तर अक्षर उजळतं, नाही मिळाला तर अक्षर तिथेच असतं पण अंधारात उभं असल्यासारखं. हे मी तुमच्याच नकाशावरून शिकले. तिथे तुमच्या अक्षरात चारशे लिहिलेलं. काटा शंभराच्याही खाली झोपलेला. मी मीटर उलटसुलट करून तीनदा बघितलं, कारण माझा स्वतःवर विश्वास बसेना. मग बंद केला, पुन्हा पेचकस, पुन्हा टक्, आणि त्या वाटेवर जो रेझिस्टर आहे त्याचा एक पाय सोल्डरचा टाका सोडवून उचलला. लाल, लाल, हिरवा. बावीस लाख ओहमचा. मोजला तर कोटीला टेकलेला. वरून दिसायला अगदी धडधाकट, रंगही न उडालेला. आतून वाट बंद होत आलेली.

म्हणजे ट्यूब बिचारी उपाशी होती. उपाशी माणसाला मेला म्हणायचं असतं का?

मी तिथे बसून मोठ्याने म्हटलं, "बघा!" तुमच्या खुर्चीकडे बघून. मग खुर्ची रिकामी आहे हे लक्षात आलं, आणि अकरा दिवसांत पहिल्यांदा मी रडले. खरं सांगते, पिंडाला नमस्कार करताना नाही, लोकांनी कुशीत घेतलं तेव्हा नाही. त्या एवढ्याशा रेझिस्टरपुढे. जिंकल्यावर ज्याच्या तोंडावर सांगायचं तो माणूसच नाही, याला काय जिंकणं म्हणतात? वन्सं आतून म्हणाल्या, "करंट लागला ना? सांगितलं होतं!" मी म्हटलं, "हो, लागला."

दुसऱ्या दिवशी चालत लॅमिंग्टन रोडला गेले. तुमच्या त्या बोळातल्या सुट्या भागांच्या दुकानदाराने चष्म्यावरून बघितलं. "अरे मावशी, आज आप? भाईसाब नहीं आये?" त्याला माहीत नव्हतं. मला सांगता आलं असतं. पण तोंडातून निघालं, "वो मॉनिटर के पीछे बैठे हैं." तो म्हणाला, "बोलना उनको, अब कोई ये सब ठीक नहीं करता. म्यूझियम में रखने का माल है." मी म्हटलं, "म्यूझियम में तेरा दुकान रख. बाईस लाख वाला दे, एक वॉट का, और दो दे." हसला. दोन दिले, जुन्या वर्तमानपत्राच्या पुडीत. फुटाणे द्यावेत तसे.

परत येताना मात्र शंका यायला लागल्या. बदलून नाहीच पेटला तर? ट्यूब खरंच गेली असली तर? मग वन्सं बरोबर, तुम्ही बरोबर, आणि मी आरसा धरणारी. केणींचा मुलगा बोटीवर. एवढं सगळं त्या पुडीत होतं.

तेराव्याला सकाळी जेवणाची गडबड सुरू व्हायच्या आत मी टाके मारले. माझे टाके तुमच्यापेक्षा बारीक असतात, हे तुम्ही कधी मान्य केलं नाहीत. तुमचा तो जुना टेस्टचा कॉम्प्युटर जोडला. आणि मागे बसल्यावर लक्षात आलं, की आरसा धरायला कोणी नाही.

"वन्सं, जरा इकडे येता?"

"खिरीत वेलची घालतेय मी."

"वेलची पळून नाही जात. हा धरा."

त्यांनी आरसा हातात घेतला, विंचू धरावा तसा. "आणि?"

"वर धरा. अजून वर. हलू नका."

मॉनिटर चालू केला. आधी ती बारीक शिट्टी. मग काही नाही. मी मनात आकडे मोजत होते. वन्सं म्हणाल्या, "काळोख आहे गं सगळा." अजून काही नाही. "सुमन, माझा खांदा भरून आला." मी म्हटलं, "मी किती वर्षं धरला?" आणि मग वन्संच एकदम ओरडल्या, "अगं आली! पिवळी अक्षरं आली! देवा, किती ठसठशीत आहेत!"

त्यांना दिसलं. मला आरशात काहीच वाचता येईना. उलटी अक्षरं, नुसते मुंग्यांसारखे डाग. भावोजी, हे तुम्ही कसं करत होतात हो? इतकी वर्षं मी समोर उभी राहून म्हणत होते, त्यात काय, बघायचं आणि पिळायचं. तिथे, तुमच्या जागी बसल्यावर मला ते कळलं. कडेचं बटण पिळायचं तर वन्संना विचारून विचारून पिळलं. "उजवी बाजू झुकली का?" "किंचित." "किंचित म्हणजे किती?" वन्सं विचार करून म्हणाल्या, "वेलचीच्या दाण्याइतकी." आणि आम्ही दोघी म्हाताऱ्या तुमच्या तेराव्याच्या दिवशी, तुमच्या टेबलाशी, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो. मग त्या आरसा खाली ठेवेनात. "राहू दे," म्हणाल्या, "बघू दे मला जरा." आरशाच्या वरून पडदा बघता बघता म्हणाल्या, "मला वाटायचं, तू नुसती उभी असायचीस."

त्यांनी म्हटलं, तेवढं पुरे.

दोन दिवसांनी मॉनिटर टॅक्सीत घालून मी स्वतः प्रभादेवीला नेला. केणींचा गाळा तुम्ही बघितलात, मी पहिल्यांदाच. मोटारी रचलेल्या, तांब्याच्या तारेची रिळं, मासळीचा आणि वॉर्निशचा मिळून एक वास. मुलगाही होता, पंचविशीतला, बापासारखाच गप्प. मॉनिटर जोडला. शिट्टी आली. आणि आम्ही सगळे बघत राहिलो.

इथे मला एक कबूल करायचंय, आणि ते मी तुम्हालाच करणार. तेराव्याला माझ्या लक्षात आलं होतं, प्रभादेवीला खात्री झाली. चित्र यायला वेळ लागतो. चांगली ट्यूब लगेच उजळते. ही आधी जागी होते, मग उठून बसते, मग बोलते. चांगली तीन-चार मिनिटं घेते. म्हणजे ट्यूब थकलेली आहे. तुम्ही हवेत बोलत नव्हतात. धुरकट डोळ्यांनी, फुटक्या आरशात, उलटं बघून तुम्हाला जे कळलं होतं त्यात अर्धं खरं होतं. अर्धं देते तुम्हाला. पूर्ण नाही देणार. थकलेली आणि गेलेली यात फरक असतो, माझा मुद्दा तेव्हाही हाच होता, आजही हाच आहे. मला बहात्तरावं लागलंय, मीसुद्धा सकाळी उठायला तीन-चार मिनिटं घेते. म्हणून कोणी "दुसरं बघा" म्हणालं तर मी ऐकून घेणार नाही.

अक्षरं आली. लख्ख. केणींच्या मुलाने आकडे टाकले, मशीन फिरायला लागलं, तांब्याची तार रिळावरून सुटून मोटारीवर चढायला लागली आणि पडद्यावर वेढे एकेक मोजले जाऊ लागले. केणींनी पडद्याजवळ वाकून ते आकडे बघितले. मग गालावर हात फिरवत, माझं कौतुक करावं म्हणूनच, मनात काही पाप नसताना म्हणाले, "कमाल आहे वहिनी. म्हणजे तुमचे भावोजी चुकले म्हणायचे."

आणि भावोजी, मी, जी त्या घटकेपर्यंत हे वाक्य कोणाच्या तरी तोंडून ऐकायला जीव टाकत होते, ती मी एकदम ताडकन त्यांच्याकडे वळले.

"केणी," मी म्हटलं, "ते चुकले हे मी म्हणेन. तुम्ही म्हणायचं नाही."

केणींनी कान पकडले. त्यांच्या मुलाने मशीन थांबवून माझ्यासाठी खुर्ची पुसली. मी बसले नाही. पहिली मोटार पूर्ण गुंडाळून होईपर्यंत मी पडद्यासमोर उभीच होते, दोन्ही हात मोकळे सोडून.